ब्रदर ओस्विनींचं ताट

ही गोष्ट माझ्यासमोर घडलेली आहे. मी व्रत घेतलेला माणूस आहे. आमच्याकडे खोटं बोलणाऱ्याला सगळ्यांसमोर गुडघे टेकून कबुली द्यावी लागते, आणि माझे गुडघे आता तेवढे धड राहिलेले नाहीत.

साल अठ्ठ्याण्णव. मार्च महिना.

सोंगेया शहराच्या दक्षिणेला, बेनेडिक्टाइन ख्रिस्ती साधूंचा आमचा लिहिरोचा मठ.

रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपारचे साडेबारा. बाहेर रखरखीत ऊन आणि जेवणघरात आम्ही एकोणीस जण.

जेवताना आमच्यात कोणी बोलत नाही. एक जण उभा राहून पुस्तक वाचतो, बाकीचे मान खाली घालून जेवतात. काही हवं असेल तर खुणा करायच्या. पाणी हवं असेल तर बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा ठोकायचं.

टक... टक.

की वाढणारा पाण्याचा जग घेऊन येतो. त्या वर्षी वाढणारा मी होतो. ब्रदर कास्तोरी म्हणतात मला.

फेब्रुवारीत आमचे सुतार, ब्रदर ओस्विनी गेले. बहात्तर वर्षांचे. तोंडाने तिरसट, पण हाताने सढळ. आमची रीत अशी, की ब्रदर गेला तरी तीस दिवस त्याची जागा मोडायची नाही. समोर लाकडी क्रूस ठेवायचा. तो जिवंत असल्यासारखं ताट वाढायचं. सगळ्यांचं जेवण उरकलं, की ते ताट फाटकाशी नेऊन एका गरिबाला द्यायचं. गरीब कोण, ते जाणारा आधीच सांगून ठेवतो.

ओस्विनी म्हणाले होते, "तेक्लाला द्या. तिच्या नातवंडांना."

तेक्ला म्हातारी ओढ्यापलीकडे राहायची. लेक, जावई दोघंही आजारात गेलेले. मागे दोन पोरं... सात वर्षांची युस्ता आणि चार वर्षांचा निको. दिवस वाईट होते. जुना मका संपलेला, नवा अजून शेतात कोवळा. आमच्या त्या एका ताटावर तीन पोटं तगून होती. हे मला चांगलं ठाऊक होतं.

रोज दुपारी युस्ता डोक्यावर वाडगा घेऊन यायची.

मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने रेघा ओढत होतो. तीस झाल्या. एकतिसाव्या दिवशी मी क्रूस उचलला. ओस्विनींचं पत्र्याचं ताट घासलं. प्रत्येकाच्या ताटाच्या काठावर त्याचा नंबर असतो, त्यांचा सतरा. ताट कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला.

दुपारी फाटकाशी युस्ता उभी.

"संपले गं बाई तीस दिवस," मी म्हणालो.

"आजचं पण नाही?"

"आजचं पण नाही."

ती रिकाम्या वाडग्यात बघत राहिली. "आजीला ताप आलाय. उठत नाही ती."

"देव बघेल," मी म्हणालो.

आणि फाटक लावलं. या एका वाक्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी जेवण चालू होतं. वाचणारा वाचत होता. आणि...

टक... टक.

मी जग घेऊन धावलो. सवयच ती! वाकलो आणि ओतलं...

पाणी टेबलावर पसरलं. तिथे ना पेला होता, ना माणूस.

ती ओस्विनींची जागा होती.

मी वर बघितलं. वाचणारा मधेच थांबला होता. बाकी सगळ्या माना खाली. मग तो पुढे वाचू लागला.

संध्याकाळी बोलायची मुभा असते. ओस्विनींच्या शेजारच्या जागेवर बसणारे ब्रदर फुल्गेन्सी म्हणाले, "काय कास्तोरी, आता टेबलालाही अंघोळ घालायची का?" सगळे हसले. मीही हसलो.

ठोकलं कोणी, हे मात्र कोणीच विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा... टक, टक. मी जागचा हललो नाही. पुन्हा... टक, टक. या वेळी जोरात. फुल्गेन्सींचा घास हातातच राहिला होता.

चौथ्या दिवशी ठोकणं झालं नाही.

मी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात...

बाक सरकल्याचा आवाज.

मग पावलं. टायरच्या चपलांची, घासत चालणारी. ओस्विनी चालायचे तशी. टेबलाच्या कडेने... माझ्या समोरून... कपाटापर्यंत. तिथे थोडा वेळ शांतता. मग दाराकडे.

दार उघडलं नाही. पावलं मात्र बाहेर गेली.

जेवण होताच फुल्गेन्सींनी मला ओसरीत गाठलं. आज चेष्टा नव्हती.

"दिवस कुठून मोजलेस तू?"

"ते गेले त्या दिवसापासून."

"अरे गाढवा! माती दिल्यापासून मोजतात! पूल वाहून गेला होता, चार दिवस त्यांना दवाखान्यातच ठेवलं होतं, विसरलास? आज तिसावा आहे!"

"म्हणजे... तुम्हीही ऐकलंत?"

"सगळ्यांनी ऐकलंय."

"मग बोलला का नाहीत कोणी?"

"तू बोललास?"

मी धावत कपाटाशी गेलो. कुलूप जसंच्या तसं. किल्ली लावली. पंधरा, सोळा... अठरा.

सतरा नंबर नव्हता.

पातेल्यात उरलेली उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि घेवडा होता, ते तसंच उचललं आणि ओढा ओलांडून पळत सुटलो. पोरं जिवंत असू देत, एवढंच तोंडात होतं. दुसरी कुठलीही प्रार्थना आठवेना.

झोपडीत तेक्ला अंथरुणावर पडलेली. श्वास चालू होता.

पोरं अंगणात होती. समोरासमोर मांडी घालून. मधे पत्र्याचं ताट, काठावर सतरा.

दोघं जेवत होती. उगालीचे करतात तसे हातात गोळे वळत, चवीने. युस्ता भावाला सांगत होती, "हळू रे, पोळेल. फुंकून खा."

मी जवळ जाऊन वाकलो.

ताटात माती होती.

लाल, ओली माती. आमच्या दफनभूमीत असते तशी. पोरांची तोंडं लाल झाली होती.

"कोणी दिलं हे?"

"आजोबांनी," निको म्हणाला. "तीन दिवस झाले, आजोबाच आणतात."

मी मातीला बोट लावलं...

गरम होती. वाफ येत होती तिच्यातून.

मेलेल्या माणसाजवळ दुसरं काय असणार? जे होतं ते त्यांनी दिलं. माझ्याकडे धान्याने भरलेली कोठी होती, आणि मी फाटक लावून घेतलं होतं. मी तिथेच अंगणात बसून रडलो. पोरं माझ्याकडे बघत राहिली.

तेक्लाला आम्ही दवाखान्यात नेलं, ती वाचली. पोरं मठाच्या अन्नावर वाढली. मी मठाधिपतींना सगळं सांगितलं. ते एकटेच ओस्विनींच्या कबरीकडे गेले, बऱ्याच वेळाने परत आले. काय पाहिलं, ते त्यांनी सांगितलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

युस्ता आता सोंगेयात नर्स आहे. दर ईस्टरला येते, आणि तिचं पान मीच वाढतो.

यंदा जेवता जेवता हसून म्हणाली, "ब्रदर, रागावू नका हं. तुमची उगाली बरी असते. पण लहानपणी ते आजोबा आणायचे ना, तसली चव पुन्हा कुठे मिळाली नाही. काय घालायचे हो ते त्यात?"

मी तिच्या पानात आणखी वाढलं. मग आणखी.

ती हातांनी पान झाकून नको नको म्हणत होती, तरी मी वाढतच राहिलो.