दिव्यावरची पट्टी

मोबाईल खिशात ठेवा, मग सांगतो. गोष्ट रनाळ्याच्या हिलालची. त्याच्या शेताला माझं शेत लागून आहे.

गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीची अमावस्या. दिवस मावळताना हिलाल जीप घेऊन खांडबाऱ्याला निघाला. लेक दीपमाला रेल्वेनं माहेरी येत होती, तिला स्टेशनवरून आणायचं होतं.

जीप नुकतीच दुरुस्त झालेली. नंदुरबारच्या भूपेश मिस्त्रीनं इंजिन खोललं, समोरचा मीटरही बदलला. तेव्हापासून मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा विझेना. हिलाल पुन्हा पुन्हा गेला. भूपेशनं सेन्सर बदलला, वायरी तपासल्या, इंजिनचा दोष दाखवणारा स्कॅनर लावला.

"मशीनमा काहीच दोष येत नही, नाना."

"मंग दिवा काबर पेटस?"

भूपेशनं दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. "आते दिखस का? मंग झायं!" आणि हसला. असल्या हसण्याची मला शिसारी येते.

परतताना मिट्ट अंधार. दीपमाला शेजारी बसलेली. मध्येच वास आला. केस जळाल्यासारखा.

"आबा, काय जळी ऱ्हायनं?"

हिलालनं उतरून बोनेट उघडलं. इंजिन ठीक. धूर नाही. परत बसला.

वास मीटरमधून येत होता. गोडसर. मांस करपल्यासारखा... दीपमालानं पदर तोंडात कोंबला.

मग आवाज. खर्र... खर्र...

काचेच्या आतून कुणी नखानं खरवडत होतं.

पट्टीचा कोपरा उचलला गेला. खाली पिवळा उजेड...

"उतर."

"आबा?"

"उतर, बेटा!"

दोघं शेतात पळाले. मागे जीप पेटली. आधी मीटर. मग सगळी.

नंतर कळलं. तो मीटर भूपेशनं भंगारातून उचलला होता. जळालेल्या जीपमधला. तिचा ड्रायव्हर आतच अडकून मेला होता. काच काळवंडली होती, ती यानं पेट्रोलच्या फडक्यानं पुसली आणि मीटर नवा म्हणून हिलालच्या गाडीत बसवला. थू!

जीप जळाली त्याच्या दुसऱ्या सकाळी भूपेशनं गॅरेज उघडलं. कुलूप रात्रीचं, जसंच्या तसं. आत स्कॅनरच्या काचेवर काळी पट्टी चिकटलेली. त्यानं ती ओढून काढली.

डिंकाला एक नख होतं.

जळकं. मुळाशी अजून ओलं...