खिशातला लोहचुंबक

डोंगराच्या पोटातून जाणारा काळ्या खडकाचा थर पलीकडच्या दरीत कुठे उतरतो, तेवढे शोधून नकाशात आखायचे होते. त्यासाठीच दोघे पुन्हा माथ्यावर चढले होते. गेल्या वर्षी ताईचा नकाशा नापास झाला होता. ही शेवटची संधी, आणि उद्या भूशास्त्राच्या वर्गाचा तंबूंचा तळ हलणार होता. सोबतीला तिच्याच वर्गातला मावसभाऊ होता, ज्याला सगळे लंबू म्हणत.

दुपारी धुके आले. आधी समोरचे शिखर गेले, मग झुडपे, मग स्वतःची पावले. जणू कोणी सृष्टी सावकाश खोडून काढत होते. नकाशाप्रमाणे पुढे खिंड होती. होकायंत्र नेहमीसारखे छातीशी धरून ताई चालत राहिली.

लंबूने तिचा दंड खेचला. पायाखालचा दगड सुटला. खाली गेला. आवाज आलाच नाही!

खिंडीच्या जागी कडा होता. लंबूने होकायंत्र स्वतःकडे घेतले. काटा वळला. तिच्याजवळ नेले. पुन्हा फिरला.

"ताई, खिशात काय आहे?"

लोहचुंबक. काळा खडक पारखायला घेतलेला, पहिल्या दिवसापासून तिथेच. म्हणजे तिने टिपलेली प्रत्येक दिशा खोटी, आखलेली प्रत्येक रेघ वाकडी. ती मटकन खाली बसली. डोंगरच जागचा हलला असं मावशीला सांगू, असे लंबू म्हणाला. ती हसली नाही.

"तू हो पुढे. मला खाली जाऊन काय करायचंय?"

"मला एकट्याला वाट सापडत असती, तर तुझ्या मागे कशाला आलो असतो?"

लंबूच्या हातातले होकायंत्र आता खरे सांगत होते. पण आपण कुठे आहोत हेच ठाऊक नसताना उत्तर दिशेचे काय करायचे? बऱ्याच वेळाने तिचा तळहात खडकावर टेकला. या डोंगराचे सारे थर तंबूंच्या तळाकडे कलतात, हे शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी दाखवले होते. त्या बाजूला उतार. उलट बाजूला तुटलेले कडे. तिने बाटलीतले पाणी खडकावर ओतले. ते क्षणभर घुटमळले, मग कड्याकडे पाठ करून निघाले.

त्याच्या मागोमाग दोघे बसत, घसरत, चाचपडत उतरले. धुक्यात तंबूंचा निळा रंग उमटला. पोहोचले!

बाईंनी नकाशा बराच वेळ पाहिला. "हा मला घेता येणार नाही," त्या हळूच म्हणाल्या.

ताईने रेघा एकेक करून खोडल्या. उरला तळाचा ठिपका आणि त्याकडे उतरणारा एक बाण. तो बरोबर होता. पण तेवढ्याला नकाशा म्हणत नाहीत.