पसरलेलं काजळ

त्या रात्री वहिनी दुकानात परत गेल्या त्या फक्त ब्रशांच्या डब्यासाठी. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला एका नवरीच्या घरी पोचायचं होतं, आणि डबा राहिला होता पार्लरमध्ये, आरशाखालच्या खणात. नोव्हेंबरची सतरा तारीख, मंगळवार. रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ इतकी नेमकी कशी सांगतो, तर जिना चढता चढता त्यांनी मला फोन केला होता. "भाऊजी, तुमच्या स्टुडिओतला दिवा चालू राहिलाय का? वर उजेड दिसतोय." मी म्हटलं, नाही हो, मी स्वतः बंद करून आलोय. बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी फोनमध्ये वेळ बघितली.

बसा नीट. आणि तू गं, डोळे पुसायला का निघालीस? राहू दे. काका रागावलेला नाही. उद्या मैत्रिणीच्या पार्टीला रात्रभर नाचून, रडून, तशीच झोपून उठल्यासारखं तोंड रंगवून जायचंय ना, खुशाल जा. आमच्या वेळी पार्टी संपल्यावर तोंडाचं असं व्हायचं, तुमच्यात घरून निघतानाच करतात, एवढाच काय तो फरक. पण तुला जमलेलं नाही. काजळ फासलं की झालं, असं वाटलं तुला. ते काम तसं नसतं. मी ते हातभर अंतरावरून बघितलंय, म्हणून सांगतो.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. मित्र लवकर गेला. मग त्यांनी माझ्या फोटो स्टुडिओला लागून असलेल्या खोलीत पार्लर काढलं. मध्ये एक दार होतं. गिऱ्हाईक त्यांच्याकडे नटायचं आणि माझ्याकडे फोटो काढायचं. बाईंच्या हातात जादू होती, हे मी उगाच म्हणत नाही. आमची ती सगळी इमारत एका हॉटेलवाल्या शेठची. त्याने मोठं हॉटेल बांधलं, वर नाचगाण्यासाठी हॉल काढला आणि त्याच्या पोस्टरसाठी त्याला फोटो हवा होता. रात्रभर मजा करून पहाटे घरी निघालेली मुलगी.

मुलगी कुठून आणायची? तर आमच्या खालीच औषधांचं दुकान होतं, तिथे काउंटरवर एक पोर असायची. टेलरमास्तरांची मुलगी. एकोणीस वर्षांची, आई नाही, बापलेक दोघंच. मोठे डोळे, आणि कुणी दोन गोळ्या मागितल्या तरी "पाण्याबरोबर घ्या हं" म्हणून बजावणार. वहिनींनी विचारलं, ती एका पायावर तयार.

रविवारी सकाळी अकराला बसलो आम्ही. सकाळी अकरा! नीट लक्षात ठेवा. वहिनींनी आधी तिचा चेहरा असा सुरेख केला की मी म्हटलं, आता हात लावू नका. त्या हसल्या. "आधी नीट करायचं भाऊजी, मगच बिघडवायचं. आधीच वेडंवाकडं केलं तर ते नुसतं मळलेलं दिसतं." मग बोटाला तेलाचा थेंब लावून खालच्या पापणीचं काजळ दाबत दाबत पसरवलं. पापण्यांवर पाणी मारून तिला डोळे मिचकावायला लावले, तसे दोन काळे ओघळ गालांवर आले. लिपस्टिक तिचीच तिला मनगटाने पुसायला लावली, एका बाजूला. गालावर थोडी चमकी. कपाळावर ग्लिसरीनचे थेंब, घाम म्हणून. अर्ध्या तासात ती पोर अशी दिसायला लागली की वाटावं, हिला धरून घरी पोचवावं लागेल. आणि तोंडात काय होतं तिच्या? चहात बुडवलेलं बिस्कीट.

"बाबांना इतक्यात सांगू नका हं," म्हणाली. "पोस्टर लागलं की मीच त्यांना हाताला धरून आणणार आणि विचारणार, ही कोण, ओळखा."

फोटो मी काढला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे तो. शेठला पाठवला.

त्याला बारा दिवस झाले असतील. डिसेंबरचा महिना, पोस्टर अजून लागायचं होतं. दुकान बंद करून पोर चालत घरी निघाली होती, आणि मागून गाडी आली. गाडी शेठच्या मुलाची. पोर जागेवरच गेली. दुसऱ्या दिवशी तोच फोटो लोकांच्या फोनवर फिरायला लागला, तिसऱ्या दिवशी पेपरात आला. खाली ओळ होती, पार्टीहून परतणारी तरुणी गाडीसमोर आली. कुणाच्या फोनमधून सुटला तो फोटो, हे तुम्हाला सांगायला नको.

मग काय. सगळ्या गावाला अक्कल आली. "बघा तोंड कसं झालंय." "प्यायलेली दिसतेच आहे." "बापाचं लक्ष नको?" जिने त्यांना ताप उतरायची औषधं दिली होती, तिच्याबद्दल बोलत होते हे लोक. तो चेहरा खोटा आहे, सकाळी अकराला चहा पिता पिता केलेला आहे, हे सांगू शकणारी माणसं गावात दोनच. वहिनी आणि मी.

शेठ आला होता. माझ्याच स्टुलावर बसला. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाला, "बाई, पार्लर छान चाललंय ना? चालू दे." एवढंच. वहिनींचं पोट त्या एका खोलीवर होतं. माझंही होतं. आम्ही मान हलवली.

चौथ्या दिवशी टेलरमास्तर वर आले. हातात पेपराचं कात्रण. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती, काढायचं सुचलं नसेल. म्हणाले, "तुम्ही फोटो काढता, तुम्हाला कळेल. हा फोटो कुठला असेल? माझी पोर दारू प्यायची नाही हो."

मी म्हटलं, "मास्तर, आजकालच्या मुलांचं काय सांगणार."

असं बोललो मी. वहिनी मधल्या दारात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत.

बाप तरी किती दिवस एकटा विश्वास ठेवणार? रोज कुणी ना कुणी कानात ओतत होतंच. तीनचार महिन्यांनी मास्तरांनी दुकानातल्या भिंतीवरचा मुलीचा फोटो उतरवला. कुणी विचारलं तर म्हणायचे, मला मुलगी नव्हती. भिंतीवर नुसता खिळा राहिला.

तर आता ती रात्र. हे मला वहिनींनी सांगितलं, एकदाच, आणि मध्ये एक शब्द विचारू दिला नाही.

वर गेल्या. माझ्या स्टुडिओत अंधार होता. पार्लरला कुलूप होतं. कुलूप त्यांनी स्वतः उघडलं. आत आरशाभोवतीचे दिवे लागलेले. आणि खुर्चीत कुणीतरी बसलेलं. पाठमोरं.

बंद कुलपाच्या आत.

वहिनी म्हणाल्या, ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज आला तो खुर्चीतून.

"ताई… पुसून द्या ना."

आरशात बघितलं. तोच चेहरा. तेच काजळ. तेच दोन ओघळ. चमकीचा कणसुद्धा त्याच जागी. अकरा महिन्यांपूर्वी केला होता तसाच.

तुम्ही म्हणाल, पळाल्या का नाहीत. मीही हेच विचारणार होतो. त्या म्हणाल्या, पाय हलले नाहीत, हात हलले. वीस वर्षांची सवय हातांना. कापूस घेतला. त्यावर मेकअप काढायचं दूध ओतलं. डोळ्याखाली टेकवलं. गाल गार होता.

पुसलं.

कापूस पांढरा.

दुसरा घेतला. जोर लावला. पांढराच. काजळ जिथल्या तिथे. तिसरा… चौथा… मग त्यांनी मोजलं नाही. समोर पांढऱ्या बोळ्यांचा ढीग झाला. स्वतःच्या हाताने लावलेलं, आणि स्वतःच्या हाताने निघेना.

"घरी जाते मी," ती म्हणाली. "रोज."

वहिनींनी आणखी एक बोळा घेतला.

"बाबा दार उघडतात."

…

"म्हणतात, तू माझी नाहीस. तू त्या फोटोतली."

…

"आणि लावून घेतात."

वहिनींच्या हातातला कापूस खाली पडला. पोर आरशातून त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही सांगा ना त्यांना, ताई. आत्ता चला."

आणि वहिनी म्हणाल्या… काय म्हणाव्यात? म्हणाल्या, "उद्या सांगते, बाळा. उद्या नक्की."

 

पोरीचे डोळे भरले. वहिनींना ते आरशात दिसलं.

दिवे गेले.

वहिनींनी चाचपडत बटण दाबलं. खुर्ची रिकामी. समोर कापसाचा ढीग, पांढराशुभ्र.

दुसऱ्या दिवशी नवरीचं काम त्यांनी दुसऱ्या बाईला दिलं आणि माझ्याकडे येऊन बसल्या. सगळं सांगितलं. म्हणाल्या, "भाऊजी, मी आत्ता मास्तरांकडे जाते." आणि मी काय केलं? मी समजूत घातली. म्हटलं, "वहिनी, भास झाला असेल. आणि अकरा महिने झाले, आता सांगून काय पोर परत येणार आहे? खोली गेली तर कुठे जाल?" मी फार समजूतदार माणूस आहे. माझ्या समजूतदारपणात बुध गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी संध्याकाळी वहिनी चप्पल घालून जिन्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "येताय की जाऊ?" लाज वाटली म्हणून गेलो. धीर होता म्हणून नाही.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही शेवटी विचारणार नाही. वहिनींनी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. पेपराने आतल्या पानावर चार ओळी छापल्या. शेठच्या मुलाचं काही वाकडं झालं नाही. वहिनींची खोली महिन्याच्या आत गेली, आता त्या दुसऱ्या गावात घरोघर जाऊन कामं करतात. आणि मी? जबाबावर माझी सही नाही. माझा स्टुडिओ अजून तिथेच आहे. रोज सकाळी उघडतो.

तर शुक्रवारी आम्ही मास्तरांच्या दुकानात शिरलो. ते मशीनवर होते. वहिनी एकदम थांबल्या, त्यांनी माझी बाही धरली.

मुलीचा फोटो परत भिंतीवर होता.

मास्तरांनी मशीन थांबवलं. म्हणाले, "सांगायला आलात ना? सांगा."

वहिनींनी सांगितलं. रविवार, सकाळी अकरा, तेलाचा थेंब, पाणी, ग्लिसरीन, चहा, बिस्कीट. मास्तर ऐकत होते.  मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही?" मी म्हटलं, फोटो मी काढला. म्हणाले, "मोठ्याने." मी परत म्हटलं. मोठ्याने.

"तुमच्या सांगण्यावाचून अडत नव्हतं आता," मास्तर म्हणाले. "रोज रात्री यायची ती. मी दार लावून घ्यायचो. मंगळवारी आली, बारा वाजायला आले होते. रडत होती. खरंच रडत होती." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. "बाप आहे मी. म्हटलं, ये, तोंड पुसून देतो."

वहिनींनी विचारलं, "मग?"

 मास्तरांनी मशीनचा खण ओढला. आत अस्तराच्या पांढऱ्या कापडाचा एक तुकडा होता, चौपदरी घडी घातलेला. तो त्यांनी वहिनींच्या हातावर ठेवला.

वहिनींनी घडी उलगडली. काजळ होतं. लिपस्टिक होती. चमकी होती. सगळं कापडावर उतरलं होतं.

मंगळवारचं कापड, आणि आम्ही शुक्रवारी बघत होतो. मी हात लावला. ओलं होतं. कोमट होतं.