नॅपकिनखालचा लाल दिवा

"आजपण नॅपकिन तिथेच आहे!" टपाल धापा टाकत आला आणि बाकावर टेकायच्या आधीच बातमी देऊन मोकळा झाला.

त्याला टपाल म्हणत, कारण कुठलीही गोष्ट त्याच्या पोटात पाच मिनिटंसुद्धा राहत नसे. सुट्टीच्या शिबिरात तो दोघांबरोबर हिंडायचा. एक होता शंकासुर, जो 'कशावरून?' विचारल्याशिवाय घोटभर पाणीही पीत नसे. दुसरी कॅप्टन. तिला कुणी कॅप्टन नेमलं नव्हतं, पण हुकूम तीच सोडायची.

"कसला नॅपकिन?" कॅप्टनने विचारलं.

"शिबिराच्या व्हॅनमधला गं! ड्रायव्हरकाका चावी फिरवतात आणि लगेच डॅशबोर्डच्या एका कोपऱ्यात नॅपकिनची घडी खोचतात. आज चौथा दिवस!"

"ऊन लागत असेल."

"कोपऱ्यालाच? बाकीच्या डॅशबोर्डला लागत नाही?" शंकासुर म्हणाला.

झालं! मधल्या सुट्टीत तिघं सभागृहामागच्या शेडकडे निघाली. ड्रायव्हरकाका गाडीत बसून रेडिओ ऐकत होते. चावी फिरवलेली होती आणि नॅपकिन जागच्या जागी होता.

"काका, पाणी सांडलं हो!" असं म्हणत टपालने खरोखरच बाटली आपल्याच सदऱ्यावर उपडी केली आणि काका 'अरे अरे' करेपर्यंत नॅपकिन ओढून घेतला.

खाली एक लाल दिवा जळत होता. गोल वर्तुळ, आत उद्गारचिन्ह.

"हँडब्रेक ओढलेला असला की लागतो तो," काका घाईघाईने म्हणाले.

शंकासुराने वाकून पाहिलं. "पण हँडब्रेक तर खाली आहे!"

तेवढ्यात कॅप्टनने समोरचा कप्पा उघडला. आत गाडीचं माहितीपुस्तक होतं, अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच! गाडी सहा वर्षांची, आणि पुस्तकाला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. कॅप्टनने वेष्टन टराटरा फाडलं. दिव्यांची चित्रं सापडली आणि ती मोठ्यांदा वाचू लागली. पिवळा दिवा म्हणजे लवकर तपासून घ्या. लाल म्हणजे गाडी थांबवा! आणि हे उद्गारचिन्ह हँडब्रेक सोडल्यावरही विझलं नाही, तर ब्रेक ऑइल कमी असू शकतं. गाडी चालवू नये.

"चालवू नये!" तिचा आवाज चिरकला. "आणि उद्या हीच गाडी घाट उतरून तळ्यावर जाणार आहे! छोट्या गटातली चौदा मुलं घेऊन! माझी चिमणी आहे त्यात!"

चिमणी म्हणजे तिची सहा वर्षांची बहीण. आठवडाभर ती पोहण्याची टोपी घालून जेवत होती.

काकांनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागे एक पांढुरकी डबी होती. तिच्यावर दोन रेघा होत्या, वर कमाल आणि खाली किमान. ऑइल किमान रेघेच्याही खाली गेलं होतं.

"व्यवस्थापक सरांना तीनदा सांगितलं मी," काका खाली मान घालून म्हणाले. "म्हणाले, दिवा खराब असेल. मुलं घरी जाऊन सांगतात, तेव्हा झाकून टाका. नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो."

"आणि तुम्ही झाकलात?"

काकांनी हळूच बॉनेट लावलं. कॅप्टनला त्यांची दया आली, पण रागच जास्त आला. दिवा झाकला म्हणून ऑइल वाढतं होय? मांजर डोळे मिटून दूध पितं, ते तरी बरं. त्याच्या पाठीवर चौदा मुलं नसतात.

शिबिराच्या व्यवस्थापकांना मुलं चोरून 'होऊन जाईल सर' म्हणत. पंखा बंद? होऊन जाईल. नळ गळतोय? होऊन जाईल. तिघं कचेरीत शिरली तेव्हा ते कागद लावत बसले होते.

"सर, व्हॅनचं ब्रेक ऑइल..."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?" सर हसले. "गाडीची रोज तपासणी होते. तो बघा तक्ता! आल्यावर बघून घेऊ, होऊन जाईल. पळा!"

भिंतीवर खरंच तक्ता टांगलेला होता. तारखेपुढे इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, टायरमधली हवा, सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा आणि शेवटी सरांची सही. शंकासुर त्याच्यासमोर खांबासारखा उभा राहिला. कॅप्टनने त्याला ओढत बाहेर काढलं.

"आज किती तारीख?" त्याने विचारलं.

"बारा."

"मग तीस तारखेच्या ब्रेक ऑइलपुढे बरोबरची खूण कशी?"

तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. सरांनी अख्ख्या महिन्याच्या खुणा एका बैठकीत करून टाकल्या होत्या!

"मी आत्ताच सगळ्यांच्या घरी सांगतो!" टपाल उठलाच.

"बस खाली! सहीचा कागद दाखवून सर आपल्यालाच खोटं पाडतील. टपाल, उद्या गाडी सुटेपर्यंत तोंडाला कुलूप!"

ती टपालच्या आयुष्यातली सगळ्यात लांब संध्याकाळ होती.

सकाळी पालक मुलांना सोडायला फाटकाशी जमले. चिमणी टोपी घालून सगळ्यात पुढे. कॅप्टन पुढे झाली आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, घाट आहे ना, आई जरा घाबरलीय. गाडीची तपासणी वाचून दाखवता का?"

"अवश्य!" सरांनी ऐटीत तक्ता मागवला. "तारीख तेरा. इंजिन ऑइल, बरोबर. कूलंट, बरोबर. ब्रेक ऑइल, बरोबर!"

पालकांनी माना डोलावल्या.

"आता चौदा तारखेचं वाचा ना, सर," शंकासुर म्हणाला.

"चौदा? बरोबर, बरो..." सरांची जीभ अडखळली.

"आणि तीस तारखेचं?" टपाल ओरडला. कुलूप निघालं होतं!

कॅप्टनच्या आईने सरांच्या हातून तक्ता घेतला. ती रुग्णालयात परिचारिका होती. तिने बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत पाहिलं आणि तिचा चेहरा लाल झाला. "मी उद्याचा ताप आज लिहून ठेवला तर चालेल का हो?"

"अहो, कागदाचं काय, होऊन..."

"नाही होणार!" ड्रायव्हरकाका पुढे आले. त्यांनी सगळ्यांसमोर चावी फिरवली आणि नॅपकिन काढून घेतला. लाल दिवा टक्क जळत होता. "माझी नोकरी गेली तरी चालेल, पण ही गाडी मी घाटात नेणार नाही. हे मी चार दिवसांपूर्वीच म्हणायला हवं होतं."

मग जो गलका झाला, तो विचारू नका! एका मुलाच्या बाबांनी ओळखीच्या गॅरेजवाल्या मावशींना बोलावून घेतलं. त्यांनी मागचं चाक काढलं आणि आतून बोट फिरवून दाखवलं. बोट ब्रेक ऑइलने माखलं होतं.

"इथून गळतंय. सपाट रस्त्यावर निभावलं," मावशी म्हणाल्या. "घाटात पायाखालचं पेडल तळाला टेकलं असतं आणि गाडी थांबली नसती."

आईने चिमणीला उचलून घट्ट धरलं. चिमणी मात्र भोकाड पसरून रडत होती, तिला तळ्यावर जायचं होतं.

"हा दिवा कुणी ओळखला?" मावशींनी विचारलं. तिघांनी बोटं वर केली. "शाबास! माझ्याकडे मोठमोठी माणसं गाडी बंद पडल्यावर येतात. तुम्ही आधी आलात."

गाडीचं काम पालकांनी व्यवस्थापकांवर सोडलं नाही, तक्ताही नाही. तिसऱ्या दिवशी व्हॅन पुन्हा फाटकाशी उभी राहिली. दिवा विझलेला होता. काकांनी नॅपकिनने समोरची काच लख्ख पुसली, मुलांसमोर बॉनेट उघडून डबीतलं ऑइल दाखवलं आणि नव्या तक्त्यावर एकेक खूण केली.

चिमणीने टोपी सावरत तक्त्यात डोकं घातलं. "काका, उद्याचे चौकोन रिकामेच राहिले!"

"राहू देत," काका म्हणाले. "उद्या सकाळी तू आणि मी मिळून भरू."