मशीनखेरीज जे दिसेल

टेलरबाई मोबाइलवरच्या त्या ग्रुपमध्ये गेल्या, कारण मशीनचे टाके सुटायला लागले होते. मशीन मावशीचं. मावशीनेच त्यांना लहानाचं मोठं केलं, शिवायला शिकवलं. पण ती गेली तेव्हा बाई गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला गेल्या होत्या. शेवटचं तोंड पाहायचं राहिलं ते राहिलंच.

जुन्या शिलाई मशीनवाल्यांचा तो ग्रुप मोठा शिस्तीचा. नव्या माणसाने आधी आपली ओळख द्यावी, जुन्या चर्चा वाचूनच प्रश्न विचारावा, सल्ल्याबद्दल आभार मानावेत. इथवर ठीक. शेवटचा नियम मात्र अजब होता: फोटोत मशीनखेरीज जे दिसेल, त्याची चौकशी करू नये.

"आता हे आणि कशाला?" बाई पुटपुटल्या.

"तुझ्यासारख्यांसाठीच," नवरा हसला. "नाक खुपसल्याशिवाय तुला चैन कुठे पडतं!"

तो कामावर गेल्यावर भर दुपारी बाईंनी मशीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. लगेच सल्ले आले. सुई बदला, बॉबिन नीट बसलंय का बघा. सगळे कसे जपून, अदबीने बोलत होते. बाई इतरांचे फोटो चाळू लागल्या. प्रत्येक मशीनमागे कोणी ना कोणी बसलेलं. कुठे म्हातारे गृहस्थ, कुठे एखादी बाई, आणि सगळे पाठमोरे.

त्यांनी आपला फोटो बोटांनी मोठा केला. घरात त्या एकट्याच होत्या, तरी खिडकीजवळच्या स्टुलावर करडी शाल पांघरून कोणीतरी बसलं होतं. मानेवर सैल अंबाडा. ती पाठ बाईंनी जन्मभर पाहिली होती. वळून बघितलं तर स्टूल रिकामं. भीती वाटायच्या आधी त्यांना रडूच फुटलं, आणि त्या लिहून मोकळ्या झाल्या: "मागे माझी मावशी बसली आहे. तुम्हालाही दिसते का हो?"

मग ग्रुप चालवणाऱ्या काकांचा फोन आला.

"ताई, नियम वाचला नव्हता का?"

"वाचला. पण काका, माझी मावशी आहे ती!"

"सगळ्यांचं कोणी ना कोणी आहेच. आम्ही पाठीवर समाधान मानतो. चौकशी केली की... वळतात."

"मग वळू दे ना! एकदा तोंड दिसलं तर काय बिघडलं?"

"माझी आई वळली होती..."

"मग?"

"मग मी तो नियम लिहिला."

बाईंना आता कुठला धीर! त्यांनी दुसरा फोटो काढला. स्टुलावरची बाई वळली होती. शाल मावशीची, अंबाडा मावशीचा. चेहरा मात्र त्यांनी कधीच पाहिला नव्हता, आणि तो चेहरा ओळखीचं हसत होता.

तो फोटो त्यांनी काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं.

"हीच. माझ्याकडेही हीच वळली होती. ताई, पहिला फोटो तेवढा उघडू नका."

बाईंनी तो केव्हाच उघडला होता. त्यातही स्टुलावर तीच बाई हसत होती, आणि मावशी कुठेच नव्हती.