तुळसाबाईंचा दुसरा भाग

मंगळावरच्या लोहखाणीच्या, श्वासाची हवा भरलेल्या दाबगृहात ध्वनिमुद्रक अस्मा मुजावर कानांना यंत्र लावून बसली होती. काचेपलीकडे शाहीर तुळसाबाई घोडेराव गात होत्या. खाणीच्या वर्धापनदिनासाठी दोन भागांचा अल्बम करायला कंपनीने त्यांना पृथ्वीवरून बोलावलं होतं. पहिल्या भागात खाणीचा गौरव होता. दुसऱ्यात बाईंनी प्राणवायूची गाळणी बंद पडून गुदमरलेल्या चार कामगारांची नावं, त्यांच्या सोबत्यांना विचारून, गुंफली होती. संचालक गाडेकरांनी तो भाग अख्खाच्या अख्खा रद्द केला. नव्या गाळण्या येईपर्यंत लोकांना घाबरवू नका, काम थांबणार नाही, असं त्यांनी बजावलं.

"मेलेल्यांची नावं घ्यायलाही परवानगी लागते?" एवढंच बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी अस्माला विचारलं, इथल्या उघड्या हवेत हलगी आणि ढोल सारखेच पोचतात का?

"नाही, बाई. ही हवा विरळ, तीही कर्बवायूची. हलगीचा चढा आवाज पुढे पळतो, ढोलाचा खर्ज मागे रेंगाळतो. जितकं लांब, तितका जास्त."

"मैदानापल्याडच्या खाणीपर्यंत?"

"अर्धी मात्रा तरी मागे पडेल."

बाईंनी दुसरा भाग नव्याने बांधला. त्यात शब्द एकही नव्हता, नुसती हलगी आणि ढोल. ठोके एकमेकांवर आदळत होते. म्हातारीचा ताल सुटलाय, असं हसत म्हणून गाडेकरांनी मंजुरी दिली. अस्माचं डोकं तापलं. पण ताल सुटलाय, हे तिलाही ऐकू येत होतं.

वर्धापनदिनी धुळवादळाचा इशारा देणाऱ्या अजस्र भोंग्यांवरून अल्बम वाजला. गाडेकर भोंग्यांपाशी होते. अस्मा पल्याडच्या खाणीत कामगारांमध्ये उभी राहून शिरस्त्राणातून बाहेरचा आवाज ऐकत होती. दुसरा भाग सुरू झाला. हलगी आधी आली, ढोल मागून आला आणि हलगीच्या मोकळ्या जागांत चपखल बसला. तो 'काम बंद'चा ठेका होता. चौघे गेले त्या दिवशी कामगारांनी पत्रे बडवून तो वाजवला होता, आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने त्याच्यावर बंदी घातली होती.

एकाने छेदनयंत्र बंद केलं. मग शेजारच्याने. बघता बघता सगळी खाण थांबली.

गाडेकर बिनतारी यंत्रावर विचारू लागले, लोक का थांबले, तिकडे वाजतंय तरी काय? इथे तर तोच गोंधळ ऐकू येतोय.

"बाईंचा दुसरा भाग, साहेब," अस्मा म्हणाली. "मंजुरी तुमचीच आहे."

आणि तीही कामगारांच्या रांगेत खाली बसली.