रेघेखालचं नाव

कोकिळानं पुस्तक उघडलं, दोन-चार पानं उलटली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. समोरच्या बाकावर एक तरुण बसला होता. तो मघापासून वर्तमानपत्राच्या आडून तिच्याकडे पाहत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"तुमी शेवटापासून वाचायलात," तो म्हणाला.

तिनं पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं.

"उर्दू हाय ते. उजवीकडून उघडतं. तुमी एकदम शेवटच्या पानावर जाऊन बसलात."

"आणि पहिल्या पानावर बसले असते तर वाचता आलं असतं का मला?"

"न्हाई," तो हसला, "पण पुस्तकाला तरी बरं वाटलं असतं."

परभणीच्या वाचनालयाच्या पत्र्यावर परतीचा पाऊस वाजत होता, म्हणून तिला उठून जाता येईना. नाहीतर ती गेलीच असती… असं तिनं नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं.

कोकिळा वालूरची. गावात मुलींची मराठी शाळा निघाली तेव्हा ती चांगली मोठी होती. परकर सावरत लहान पोरींच्या रांगेत बसून तिनं अक्षरं गिरवली होती. आता ती परभणीत शिक्षिकांच्या वर्गात शिकत होती. वर्गाच्या शेवटी प्रत्येकीनं आपल्या भागातल्या एखाद्या गोष्टीवर अभ्यास करून निबंध लिहायचा होता. तो पसंत पडला तर वालूरच्याच शाळेत नेमणूक मिळणार होती. नाही पडला तर घरी जायचं आणि खुरपं हातात घ्यायचं. तिनं विषय घेतला होता बारवांचा, म्हणजे पायऱ्या उतरून पाणी आणायच्या जुन्या विहिरींचा. वाचनालयात त्यावर एकच पुस्तक होतं, कुण्या जुन्या तहसीलदारानं लिहिलेलं, आणि ते असं निघालं.

तो तरुण बोरीचा वैजीनाथ. त्याची सगळी शाळा निजामाच्या काळात उर्दूतून झाली होती. आता मुलूख मुंबई राज्यात गेला होता आणि सरकारी कारभार मराठीत आला होता. कचेरीतले जुने उर्दू कागद मराठीत करायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं पुस्तक वाचून मराठीत सांगायची तयारी दाखवली. तिनं आधी बाहेरच्या पावसाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पेन्सिल काढली.

त्यानंतर दर रविवारी दोघं वाचनालयातल्या लांब मेजाशी बसू लागली, ती डावीकडे आणि तो उजवीकडे. उर्दू ओळीवरून त्याचं बोट उजवीकडून डावीकडे यायचं. तिची पेन्सिल कागदावर डावीकडून उजवीकडे जायची. ओळ संपताना त्याचं बोट आणि तिची पेन्सिल अगदी जवळ यायची… मग दोघंही आपापला हात मागे घ्यायची आणि नवी ओळ सुरू व्हायची.

तो नुसतं भाषांतर करत नसे. शब्द घोळवायचा, डोळे मिटायचा, मग वाक्य बोलायचा. एकदा तो म्हणाला, "इथे पाणी माणसाकडे येत नाही, माणूस पायरी-पायरीनं पाण्याकडे जातो." तिनं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. तीही त्याला आपल्या बारवेच्या गोष्टी सांगायची. बारवेत उतरणाऱ्या बाईचा आवाज आधी पाण्याला पोचतो, पाय मागून पोचतात, असं ती सहज बोलून गेली. तो पुस्तक मिटून कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला.

सुरुवातीला ती त्याला वैजीनाथभाऊ म्हणायची. दिवाळीच्या सुमारास तिनं ते सोडलं. ती नुसतं "अहो" म्हणू लागली, तेही अडलं तरच.

"आधी 'भाऊ' गेला," तो एकदा म्हणाला, "ते लय बरं झालं. पण आता नावबी गेलं. हाक कशी मारणार मला?"

"हाक मारायची गरजच काय? तुमी समोरच बसायलात."

"आणि उठून गेलो तर?"

"जाऊन बघा की…" ती म्हणाली आणि पेन्सिलीला टोक करू लागली. टोक आधीच चांगलं होतं.

नाव टाळण्याचं कारण ती कुणाला सांगू शकत नव्हती. तिची आई, केशरबाई, जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेत नसे. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती लेकीला पुढं करायची. मालकाचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिनं लेकीला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. कोकिळाला अजून मालक नव्हता. पण मनात एक जण येऊन बसला होता, आणि उगाच त्याच्या आयुष्याशी खेळ नको, असं तिनं एकटीनंच ठरवून टाकलं होतं.

निबंध लिहून झाला. वर्गाच्या बाई, सुमनबाई, एका गोष्टीत फार कडक होत्या. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर पानाच्या तळाशी रेघ मारायची आणि तिच्याखाली ज्याचं त्याचं नाव लिहायचं. कोकिळानं रेघ मारली. पुस्तकाचं नाव लिहिलं, तहसीलदाराचं लिहिलं. पुढं पेन्सिल टेकली ती हलेचना. तिनं उरलेली जागा कोरीच ठेवली आणि निबंध देऊन टाकला.

आठवडाभरानं सुमनबाईंनी तिला खोलीत बोलावलं. मेजावर तिचा निबंध होता आणि शेजारी परभणीचं एक साप्ताहिक. त्यात बारवांवरचा लेख होता, वर वैजीनाथचं नाव. पाणी माणसाकडे येत नाही ते वाक्य दोन्हीकडे होतं, आणि त्याच्या मागची-पुढचीही तशीच होती.

"पुस्तक उर्दूत आहे," बाई म्हणाल्या. "तुला उर्दू येत नाही. मग हे मराठी कुणाचं?"

कोकिळानं रेघेखालच्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवला.

"तू चोरी केलीस असं मला वाटत नाही. पण हा कागद मला ओळखत नाही, तुलाही ओळखत नाही. वाचणारा फक्त कागद बघतो. मूळ कुणाचं आणि तुझ्यापर्यंत कुणी आणलं, दोन्ही लिहावं लागतं. दुसऱ्याकडून घेतलं म्हणून कुणी लहान होत नाही, मुली." बाईंनी निबंध तिच्या हातात दिला. सोमवारी नाव घालून आणला तर त्या वाचणार होत्या. नाहीतर तो नक्कल म्हणून परत जाणार होता. लेख लिहिणाऱ्यालाही बोलावून विचारलं आहे, एवढं त्या शेवटी म्हणाल्या.

रविवारी वैजीनाथ मेजाशी बसला होता, पण उजवीकडे नाही, समोर. पुस्तक उघडलेलं नव्हतं.

"हापिसात दिवसभर मी लिहितो आणि खाली सही साहेबाची होते," तो म्हणाला. "त्याची सवय हाय मला. पण तुमी बी…"

"मला तुमचं नाव घेता येत न्हाई," ती म्हणाली.

"लाज वाटते माझी?"

"लाजच हाय. पण तुमी समजायलात तसली न्हाई."

तिनं निबंध मेजावर उघडला. रेघेखालची कोरी जागा दोघांच्या मधोमध होती. ती त्या जागेकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की आईनं तोंडाचं सांगितलं होतं. हाताचं काहीच सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? त्यांच्या घरात तिच्याआधी लिहिणारी बाई झालीच नव्हती.

तिनं पेन्सिल उचलली. मोठ्या, गोल अक्षरांत, शाळेत गिरवायची तशी, सावकाश तिनं लिहिलं: *उर्दूवरून मराठी वाक्ये वैजीनाथ यांची, राहणार बोरी.* मग पान त्याच्याकडे फिरवलं.

त्यानं ते वाचलं. एवढ्याशा ओळीला त्याला फार वेळ लागला.

"आता एकदा तोंडानं म्हणा," तो हळूच म्हणाला.

"ते न्हाई व्हायचं."

"का पण?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "माझी आई बी… माझ्या बापाचं नाव घेत न्हाई."

वैजीनाथनं डोक्यावरची टोपी काढली, तिच्या आत पाहिलं, परत घातली. तिला हसू आलं, आणि तिचं हसू बघून त्यालाही आलं.

"मग माझं बी ऐका," तो म्हणाला. "आवाज आधी पोचतो, पाय मागून, हे तुमचं वाक्य मी माझ्या लेखात घातलं. नाव न्हाई घातलं. पोरीचं नाव छापलं तर लोक काय म्हणतील म्हणून भ्यालो. तुमाला बोललो खरा, पण चोर मी बी हाय."

"मग आता?"

"दुरुस्ती छापून आणतो. पण तुमी हो म्हणाल तरच."

तिनं थोडा विचार केला. "माझं हाय ते माझ्याच नावानं छापा," ती म्हणाली. "लोकांचं बघू."

तो उठला, मेजाला वळसा घालून आला आणि आपल्या उजवीकडच्या जागेवर बसला. वाचायचं काहीच उरलं नव्हतं. तरी त्यानं पुस्तक उघडलं.

निबंध पसंत पडला. सुमनबाईंनी रेघेखालची नवी ओळ वाचली, ती अक्षरं किती जपून काढली आहेत ते पाहिलं, आणि काही न विचारता खिडकीबाहेर बघत हसल्या.

माघात कोकिळा वालूरला आली ती साप्ताहिकाचा अंक घेऊन. केशरबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. छापून आलंय म्हटल्यावर ती म्हणाली, वाच बरं, मला ऐकू दे.

कोकिळा वाचू लागली. "मागील अंकातील बारवांवरच्या लेखात 'बारवेत उतरणाऱ्या बाईचा आवाज आधी पाण्याला पोचतो, पाय मागून पोचतात' हे वाक्य आहे. ते माझे नसून वालूरच्या कोकिळा यांचे आहे. त्यांचे नाव देणे राहून गेले, याबद्दल दिलगीर आहे…"

"माय, तुझं नाव छापलंय!" केशरबाईचे डोळे भरून आले. "आणि मग? थांबलीस का?"

"झालं. खाली नुसतं लिहिणाऱ्याचं नाव हाय."

"मग वाच की."

कोकिळा कागदाची कड दुमडत राहिली. एकदा तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. केशरबाईच्या हातातलं सूप थांबलं. रेशनच्या दुकानात आपण लेकीला पुढं करायचो, ते तिला आठवलं असावं. लेकीच्या खाली घातलेल्या मानेकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"गाव तरी सांगशील?" तिनं विचारलं.

"बोरी," कोकिळा कशीबशी म्हणाली.

केशरबाईनं सूप पुन्हा हलवायला घेतलं. भुसा उडाला, दाणे खाली बसले.

"तुझ्या बापाला सांगते, बोरीला जाऊन या म्हणून," ती म्हणाली. "नावाचं काय, तिथं गेल्यावर कुणी बी सांगंल."